हत्तीला हात न लावता हत्ती बघून यायचं कसं : आग्रा-मथुरा ट्रिपमधला एक दिवस

आमच्या सांगली-मिरजेकडच्या माणसाला हत्तीचं कौतुक नव्यानं शिकवायला नको. लहानपणी गल्लीत हत्ती आला की घरातनं रुपया मागून पळत सुटायचं, हत्ती तो रुपया सोंडेनं घ्यायचा, वर बसलेल्या माहुताला द्यायचा आणि मग सोंड आपल्या डोक्यावर ठेवायचा, की झाला आशीर्वाद. त्या ओल्या सोंडेचा वास मला अजून आठवतो. आणि २०२५ च्या जुलैत नांदणी मठाची महादेवी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं जामनगरला वनतारा या प्राण्यांच्या खासगी केंद्रात गेली तेव्हा आमच्या भागात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. तीसहून जास्त वर्षं जी हत्तीण मठात होती ती गाडीत चढताना लोक ढसाढसा रडत होते. आमच्या घरात तर दोन पार्ट्या पडल्या, आई म्हणे नेलं ते चुकीचं, मी म्हणे आधी तिच्या पायांचं बघा, आणि आठवडाभर जेवताना हाच विषय.

तो वाद मी इथं सोडवणार नाही. पण त्यातनं एक गोष्ट डोक्यात बसली की सोडवलेला हत्ती पुढं ठेवतात कसा हे आपण दोघांनीही कधी डोळ्यानं बघितलेलं नाही, नुसतं भांडतोय. वनतारा काही आपण तिकीट काढून उठून जायचं ठिकाण नाही. आईला मथुरा-वृंदावन करायचंच होतं, तर म्हटलं त्याच वाटेवर आग्रा आणि मथुरेच्या मधी वाइल्डलाइफ एसओएस या प्राणी सोडवणाऱ्या संस्थेचं हत्ती केंद्र आहे, एक दिवस तिथं घालवू. ज्यांना असं जायचंय त्यांच्यासाठी सगळं लिहितोय, जरा लांबेल.

आधी ठिकाण खरं आहे का ते बघा

ही स्टेप सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी हीच गाळतात. बोर्डावर रेस्क्यू, सँक्च्युअरी, अभयारण्य असलं काहीही लिहायला पैसे पडत नाहीत. आग्रा-जयपूरच्या पट्ट्यात हॉटेलवाला, टॅक्सीवाला, ट्रॅव्हल्सवाला सगळे तुम्हाला "एलिफंट सँक्च्युअरी" दाखवायला तयार असतात. आम्हाला एकानं पॅकेज सांगितलं त्यात हत्तीवर चक्कर, हत्तीला अंघोळ, हत्तीच्या अंगावर खडूनं चित्र काढणं आणि वर फोटो असं सगळं होतं, आणि त्याचं नाव म्हणे रेस्क्यू सेंटर!

माझी युक्ती सोपी आहे. फोन करायचा आणि हौशी गिऱ्हाईक असल्यासारखं विचारायचं, "साहेब, पोरांना हत्तीवर बसायला मिळेल ना? अंघोळ घालायला मिळेल ना?" पलीकडून उत्साहानं हो आलं की थँक्यू म्हणून फोन ठेवायचा. चांगल्या ठिकाणचा माणूस पहिल्या वाक्यातच तुमचा हिरमोड करतो. हात लावता येणार नाही, खायला घालता येणार नाही, बसायचं तर नावच काढू नका, असं सगळं नाही-नाही ऐकू आलं की समजा बरोबर नंबर लागलाय.

बसण्यात वाईट काय, एवढा मोठा प्राणी आहे, असं मला आईनंही विचारलं. हत्तीच्या पाठीचा कणा घोड्यासारखा नसतो, मणक्यांची हाडं वरच्या बाजूला टोकासारखी उभी असतात आणि त्यावर फक्त कातडी आणि थोडं मांस. त्यावर लोखंडी हौदा आवळून चार माणसं बसवली आणि दिवसभर चढ-उतार केला की पाठीला जखमा होतात, कणा झिजतो. आणि मुळात जंगली स्वभावाचा प्राणी अनोळखी माणसाला पाठीवर बसू देतो ते प्रेमानं देत नाही. पिल्लाला आईपासून तोडून, दोरखंडानं जखडून, उपाशी ठेवून, मारून त्याची जिद्द मोडलेली असते, आणि पुढं जन्मभर अंकुश नुसता दिसला तरी पुरतं.

अंघोळीचा प्रकार वरून निरागस वाटतो म्हणून त्यात भलेभले फसतात. हत्तीला पाणी आवडतंच, पण त्याला पाहिजे तेव्हा. दिवसातनं दहा ग्रुप आले तर दहा वेळा त्याला पाण्यात आडवं पाडायचं, ही झाली ड्यूटी. फुटबॉल खेळणारा, चित्र काढणारा, सलाम करणारा हत्ती दिसला तर तिथनं सरळ माघारी फिरा.

अजून तीन प्रश्न विचारा. हत्ती कुठनं आले, प्रत्येकाची हकिकत सांगता येते का? खऱ्या ठिकाणी हा सर्कशीतला, ही भीक मागायला लावलेली, हा लग्नाच्या वरातीतला असं एकेकाचं सांगतात. दुसरं, पिल्लं आहेत का? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हत्ती पहिल्या अनुसूचीत आहे, त्याची खरेदी-विक्री बंद आहे, त्यामुळं कुणी "नवीन पिल्लू आणलंय" म्हणून जाहिरात करत असेल तर ते आणलं कुठनं हे विचारायलाच पाहिजे. तिसरं, साखळ्या कधी आणि कशासाठी लावता? इथं जरा समजून घ्या, मदात आलेला नर, म्हणजे ज्याच्या डोळ्या-कानाच्या मधनं तो काळपट स्राव गळत असतो, तो स्वतःच्या माणसालाही ओळखत नाही, तेव्हा त्याला वेगळं ठेवावंच लागतं. तेवढ्यावरनं ठिकाण वाईट ठरवू नका. पण बारा महिने चोवीस तास साखळी आणि खाली सिमेंटची फरशी असेल तर मग वाईटच.

आपल्याकडनं कुठं कुठं जाता येतं

जवळचं म्हटलं तर बेंगळुरूचं बन्नेरघट्टा. जोतिबाच्या देवळाचा सुंदर नावाचा हत्ती आठवतोय का, तो २०१४ च्या जूनमध्ये कोर्टाच्या आदेशानंतर तिथंच नेला होता. सांगलीहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरू. पण ते मोठं प्राणिसंग्रहालय-सफारी असं एकत्र पार्क आहे, गर्दी असते, आणि मंगळवारी बंद असतं हे लक्षात ठेवा.

कर्नाटकातले दुबारे, सक्रेबैलू हे वनखात्याचे कॅम्प आहेत. बरेच लोक त्यालाच सँक्च्युअरी म्हणतात पण तिथले हत्ती कामाचे आहेत, गावात घुसणाऱ्या जंगली हत्तीला पकडायला वगैरे त्यांना नेतात. बघायला हरकत नाही पण हा लेख त्याचा नाही. आपल्या राज्यात गडचिरोलीला कमलापूरचा कॅम्प आहे, तोही वनखात्याचा, आणि सांगलीहून कमलापूर म्हणजे दिल्लीइतकंच लांब वाटतं. म्हणून आम्ही मथुरा धरलं.

बुकिंग आणि प्रवास

मथुरेच्या केंद्राला तसंच जाऊन गेटवर उभं राहून उपयोग नाही, आधी बुकिंग लागतं. संस्थेच्या वेबसाइटवरनं किंवा ईमेलवरनं तारीख, किती माणसं, लहान पोरं किती हे कळवायचं, ते स्लॉट देतात, फीही तेव्हाच सांगतात, आणि ती फी हत्तींच्या खाण्या-औषधाला जाते म्हणून घासाघीस करू नका. दिवाळी ते फेब्रुवारी गर्दीचे दिवस, तेव्हा पंधरा-वीस दिवस आधी कळवा. कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट आणि आधार कार्ड जवळ ठेवा.

वार निवडताना एक डोकं चालवा. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. अर्ध्या जगाची ट्रिप त्या दिवशी आग्र्यात नुसती पेठा खात बसते. तुम्ही हत्तींचा स्लॉट शुक्रवारचाच मागा, म्हणजे एक दिवस फुकट जात नाही.

गाडी गोवा एक्सप्रेस, मिरज, सांगली, सातारा तिन्हीकडं थांबते, रात्री बसायचं, दुसरा अख्खा दिवस गाडीत, आणि त्याच्या पुढच्या पहाटे अंधारातच आग्रा. उतरल्यावर लगेच खोली मिळेल अशी सोय आधी करा, म्हाताऱ्या माणसांना घेऊन स्टेशनवर उजाडायची वाट बघणं नको. डिसेंबर-जानेवारीत तिकडं धुकं एवढं पडतं की गाड्या कितीही लेट होतात, त्यामुळं उतरल्या दिवशीचा स्लॉट घेऊच नका, दुसऱ्या दिवशीचा घ्या. मे-जूनमध्ये पंचेचाळीसच्या आसपास ऊन असतं, माणसाचंही हाल आणि हत्तीही सावली सोडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च एक नंबर.

आग्र्याहून दिवसाची टॅक्सी करा, रिक्षा नको. दिल्ली हायवेनं मथुरेकडं जाताना फरह गावाच्या अलीकडं-पलीकडं सगळा खेळ आहे, साधारण पाऊण ते एक तास. गावाचं नाव चुरमुरा! आम्ही भडंगवाल्या गावाची माणसं, आईला एवढं हसू आलं की विचारू नका. ड्रायव्हरला "हाथी" एवढंच सांगाल तर तो भलतीकडं नेईल, आमचा नेतच होता, कमिशन असतं ना त्यांना. "चुरमुरा गाव, हाथी अस्पताल" असं सांगा, लोकेशन स्वतःच्या मोबाईलवर लावून ठेवा आणि स्लॉटच्या अर्धा तास आधी पोचा.

बॅगेत काय आणि काय नको

पाण्याची बाटली, टोपी, बंद बूट. चप्पल नको, माती-चिखल आहे. कपडे साधे, खाकी-मातकट असले तर बरं. भडक अत्तर मारू नका, हत्तीचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. दुर्बीण असली तर न्या, नसली तर चालतं. ड्रोन नाही, फ्लॅश नाही, ब्लूटूथ स्पीकर तर अजिबातच नाही. सर्दी-खोकला-ताप असेल तर त्या माणसानं हॉटेलवरच थांबावं, कारण माणसाचा टीबी हत्तीला होतो आणि हत्तीचा माणसाला, हे खरं आहे. लांब उभं करतात त्याचं एक कारण हेही.

आणि खायला काहीही नेऊ नका. हे मी आईला सांगलीतनं निघताना सांगितलं, गाडीत सांगितलं, आग्र्यात सांगितलं. गेटवर तिच्या पिशवीतनं डझनभर केळी आणि गुळाचा खडा निघाला. तिथल्या पोरानं हात जोडून सांगितलं, माताजी, हे गाडीतच राहू दे. आई म्हणाली, हत्तीच्या दारात रिकाम्या हातानं जायचं का? मग त्यानं मुंबईच्या लक्ष्मी हत्तिणीची गोष्ट सांगितली. मुंबईच्या रस्त्यावर तिला भीक मागायला लावायचे आणि भाविक लोक पुण्य म्हणून वडापाव, मिठाई काय काय चारायचे, तिचं वजन एवढं वाढलं की पायांना ते पेलवेना, इथं आणल्यावर डाएट आणि रोज चालणं असं करून ते उतरवावं लागलं. वडापावचं नाव ऐकल्यावर आई गप्प झाली.

आत गेल्यावर

आधी थोडी माहिती सांगतात, मग एक गाइड बरोबर घेऊन फिरवतात, दीड-दोन तास धरून चाला. मोठमोठी आवारं आहेत, माती, झाडं, पाण्याचे हौद, मातीचे ढिगारे. ढिगारे कशाला म्हणाल तर म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या हत्तीला जमिनीवर पूर्ण आडवं होऊन परत उठणं जड जातं, तो ढिगाऱ्याला रेलून झोपतो. टायर टांगलेले असतात, खाणं कुठंतरी अडकवून, लपवून ठेवतात म्हणजे हत्तीला ते शोधून काढायला डोकं लावायला लागतं. जंगलात दिवसाचा बराचसा वेळ तो खाणं शोधण्यातच घालवतो, इथं पाटीत आयतं टाकलं तर कंटाळून वेडा होईल.

पाय बघा. मी सांगतो, बाकी काही बघितलं नाही तरी चालेल पण पाय बघा. हत्तीच्या तळव्याला आत गादीसारखी चरबी असते, ती मातीसाठी आहे. वर्षानुवर्षं तापलेल्या डांबरावर चालवलं, किंवा स्वतःच्या मुताशेणात ओल्या फरशीवर उभं ठेवलं की तळवे झिजतात, भेगा पडतात, नखं फुटतात, आत पू होतो. पायाचं दुखणं हे पाळलेल्या हत्तीच्या मरणाचं मोठं कारण आहे. इथं औषधाच्या पाण्यात पाय बुडवून ठेवतात, नखं तासतात, आणि हे सगळं हत्तीला न बांधता. मधी दांड्यांची भिंत, हत्ती पलीकडं, माणूस अलीकडं, हत्ती स्वतःहून पाय वर करून फटीत ठेवतो, केला की फळाचा तुकडा. नाही वाटलं तर तो निघून जातो आणि माणूस वाट बघत बसतो. अंकुश कुठंच दिसला नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेला हत्तींचा दवाखानाही इथंच आहे, हत्तीसाठी एक्सरे, लेसर ट्रीटमेंट, पाण्यात उभं राहून सांधे मोकळे करायचा हौद, आणि पडलेल्या हत्तीला उचलायची क्रेनसारखी सोय. आजारी जनावर आत असेल तर लांबनंच बघायला मिळतं, हट्ट करू नका.

खाण्याचं गणित आमच्यासारख्या जनावरं पाळणाऱ्या घरातल्यांना लगेच कळतं. म्हशीला दिवसाला वीस-पंचवीस किलो ओला चारा लागत असेल तर मोठ्या हत्तीला दीडशे किलो, वर शंभर-दीडशे लिटर पाणी. आईनं चाऱ्याचा ढीग बघितला आणि तेव्हा कुठं तिला पटलं की तिच्या डझनभर केळ्यांवाचून कुणी उपाशी नव्हतं. म्हाताऱ्यांना मऊ शिजवलेलं घालतात, कारण हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात, एक झिजला की मागनं दुसरा सरकतो, सहावा झिजला की चावणं संपलं. आई म्हणाली, म्हणजे यांना कवळी पण नाही.

आता माझ्या मनात राहिलेली गोष्ट. एक हत्ती झाडाखाली उभा होता आणि सारखा डोकं डावी-उजवीकडं हलवत होता. माझं पोरगं म्हणालं, बाबा, हत्ती नाचतोय. मीही लहानपणी असंच म्हणायचो, मांडवासमोर हत्ती डुलायला लागला की मोठी माणसं सांगायची, वाजंत्री ऐकून खूश झालाय. गाइडनं सांगितलं, हा खूश नाही. वर्षानुवर्षं एका जागी बांधून ठेवलं की हत्तीला हे लागतं, शरीराला जायला कुठं जागाच नसते म्हणून ते जागच्या जागी हलत राहतं, आणि साखळी काढली तरी सवय लवकर जात नाही, काहींची जातच नाही. इथला राजू हत्ती २०१४ मध्ये सोडवला तेव्हा त्याची पन्नासेक वर्षं साखळीत गेली होती, पायात काटेरी साखळ्या. एवढी वर्षं एका रात्रीत कशी पुसणार. तर तुम्ही गेलात आणि एखादा डुलताना दिसला तर केंद्र वाईट आहे असं लगेच म्हणू नका, तो किती डुलतो आणि मधनं थांबून माती उडवतो का, चालतो का, शेजारच्याशी सोंड लावतो का, हे बघत उभं राहा.

बाकी वागायचं कसं? गाइडच्या पुढं जायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, शिट्टी नाही. सेल्फीसाठी हत्तीकडं पाठ करून उभं राहायचं नाही. पोरांना आधीच समजावून सांगा की जवळ जायचं नाहीये, नाहीतर तिथं रडारड होते, आमच्याकडं दहा मिनिटं झाली. आणि हत्ती लांब गेला, झाडामागं गेला, तासभर आलाच नाही, तर पैसे वाया गेले असं म्हणू नका की राव, त्याला जाता येतंय तेच बघायला आलोय आपण. आईनं शेवटी लांबनंच पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला, मलाही हात जोडायला लावला.

उरलेला अर्धा दिवस

आग्र्याकडं परतताना त्याच हायवेवर कीठमचा तलाव लागतो, सूर सरोवर. तिथं याच संस्थेचं अस्वलांचं केंद्र आहे. आपल्याकडं दरवेशी अस्वल घेऊन यायचा, डमरू वाजवायचा, ते नाचायचं, ते आठवत असेल तर जरूर जा. नाकातनं तापलेली सळई घालून दोरी ओवलेली असायची, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. २००९ मध्ये तसलं शेवटचं अस्वल सोडवलं. त्याचंही बुकिंग हत्तींबरोबरच विचारून घ्या. हिवाळ्यात तलावावर पक्षीही भरपूर.

खरेदीत एक सांभाळा. बाजारात हत्तीच्या केसाची अंगठी, कडं मिळतं, नजर लागू नये म्हणून आपल्याकडंही बरेच जण घालतात. ती खरी असेल तर बेकायदा आणि खोटी असेल तर प्लास्टिक, दोन्हीकडनं तोटाच. पैसे द्यायचेच असले तर केंद्राच्या देणगीत एखाद्या हत्तीच्या चाऱ्यासाठी द्या, पावती घ्या. आणि मथुरेचे पेढे घ्या, पण साताऱ्याच्या पाहुण्यांना देऊ नका, कंदी पेढ्याशी तुलना करून दिवसभर बोलत बसतात.

आईची ती केळी गाडीतच राहिली होती. दुसऱ्या दिवशी वृंदावनात गाडीचं दार उघडल्या-उघडल्या माकडानं पिशवीसकट नेली, आणि जाता जाता माझा चष्मा पण. तिथं चष्मा खिशात ठेवा, आणि गेलाच तर ओरडू नका, शेजारच्या टपरीवरनं एक फ्रूटी घेऊन वर फेका, चष्मा खाली येतो. माझा आला, एक काडी वाकडी होऊन.